थांबवायची घाई

घोड नदीच्या काठी, आंबेगाव तालुक्यातल्या एका वाडीत एक माणूस राहत होता. लष्करात चोवीस वर्षं काढून तो गावी परतला होता. हुद्दा हवालदाराचा, पण आपल्याकडे लष्करातून आलेल्या प्रत्येकाला गाव एकच हुद्दा देतं, तसं त्यालाही सगळे मेजर म्हणत. त्याने सुरुवातीला एकदोघांची चूक सुधारून पाहिली, मग नाद सोडला.

मेजरने उभ्या नोकरीत बंदूक फारशी चालवली नव्हती. तो हेलिकॉप्टरचा मिस्त्री होता. लष्कराचं स्वतःचं हवाई दल, आर्मी एव्हिएशन कोअर, १ नोव्हेंबर १९८६ रोजी वेगळं उभं राहिलं. त्यानंतर दोनेक वर्षांनी हा भरती झाला. आंबेगावच्या डोंगरातला पोरगा, घरात एक सायकल आणि एक डिझेल इंजिन एवढीच यंत्रं पाहिलेला. त्याला शिकायला सिकंदराबादला पाठवलं आणि तिथून एका तळावर चेतक हेलिकॉप्टरच्या कामाला लावलं.

चेतक म्हणजे मूळचं फ्रेंच आलुएत. १९६५ पासून ते आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनू लागलं. डोक्यावर तीन पाती, मिनिटाला साडेतीनशेच्या वर फेऱ्या. त्या वेगात पात्याचं टोक ताशी सातशे किलोमीटरहून जास्त वेगाने धावतं. हा आकडा ऐकून नव्या पोरांचे डोळे विस्फारले होते.

तळावर एक उस्ताद होते. लष्करात शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. उंचीने बुटके, बोलायला कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी पोरांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, "हेलिकॉप्टर सगळ्यात धोक्याचं कधी असतं?"

एक म्हणाला, उडताना. दुसरा म्हणाला, उतरताना. तिसरा जरा शहाणा होता, तो म्हणाला, हवेत इंजिन बंद पडलं तर. आपला मेजर तेव्हा गप्प राहिला, कारण त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

उस्तादांनी कुणाला बरोबर म्हटलं नाही, कुणाला चूक म्हटलं नाही. ते सगळ्यांना मैदानाच्या कडेला घेऊन गेले. वारा सुटलेला दिवस होता. समोर एक चेतक नुकतंच उतरलं होतं, पाती जोरात फिरत होती. पाठीमागे हँगरच्या भिंतीवर एक पांढरा पट्टा रंगवलेला होता.

"पात्याचं टोक त्या पट्ट्याच्या वर आहे का खाली, एवढंच बघत राहा," उस्ताद म्हणाले.

पाती जोरात होती तेव्हा टोकं पट्ट्याच्या चांगली वर होती. तीन पाती वेगळी दिसतच नव्हती, नुसती एक सपाट चकती दिसत होती. मग वैमानिकाने इंजिन बंद केलं. आवाज खाली आला. पोरांपैकी दोघं पुढे सरकली, काम संपलं असं समजून. उस्तादांनी दोघांच्या कॉलरला धरून मागे ओढलं.

त्या दिवशी ब्रेक लावायचा नाही, पाती आपोआप थांबू द्यायची, असं आधीच ठरलं होतं. पाती फिरत राहिली. वेग उतरत गेला तशी चकती फाटली आणि एकेक पातं वेगळं दिसू लागलं. मग ती टोकाशी लवू लागली. टोक पट्ट्यावर आलं, पट्ट्याच्या खाली आलं. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, एक पातं वर उचललं गेलं आणि फिरून येताना इतकं खाली आलं, की पुढे सरकलेल्या त्या दोन पोरांनी आपली डोकी आपोआप खाली घातली. ती तर चांगली लांब उभी होती.

पाती पूर्ण थांबेपर्यंत कुणी बोललं नाही.

मग उस्तादांनी समजावून सांगितलं. हेलिकॉप्टरचं पातं मुळाशी पक्कं आवळलेलं नसतं, वर-खाली हलायला त्याला मोकळीक असते. गोफण गरगर फिरते तेव्हाच तिची दोरी ताठ होते, तसं पातं वेगानेच ताठ राहतं. वेग मेला की ते लवतं, आणि मग ते वाऱ्याचं ऐकतं, वैमानिकाचं नाही. वाऱ्याने उचललेलं पातं कधी शेपटीवर आपटतं, कधी माणसावर.

"वेगात असताना जवळ कुणी जात नाही," उस्ताद म्हणाले. "आवाज बंद झाला की सगळे पुढे येतात. म्हणून ही कळ आहे."

त्यांनी वैमानिकाच्या डोक्यावर, छताला असलेली एक कळ दाखवली. रोटर ब्रेक. ती ओढली की पात्यांकडे जाणारा दांडा आवळला जातो आणि पाती लवकर थांबतात. मिनिटभर लवत, डुलत फिरण्याचा तो जो धोक्याचा काळ, तो थोडक्यात आटपतो.

मघाच्या शहाण्या पोराने विचारलं, "मग इंजिन बंद केल्याबरोबर ओढायची का?"

"ओढ," उस्ताद म्हणाले. "मग ब्रेकच जळेल. आग लागेल ती वेगळीच."

वेग निम्मा झाला की फिरत्या चाकातला जोर पाव उरतो, हा हिशोब त्यांनी तिथेच मातीत काडीने मांडून दाखवला. म्हणून आधी वेग थोडा उतरू द्यायचा, काट्यावर ठरलेला आकडा दिसला की मगच कळ ओढायची. लवकर ओढली तर यंत्र जातं, उशिरा ओढली तर माणूस. मधली वेळ साधायची.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. ती मेजर पुढे पोरांना नेहमी सांगत असे. १९७२ सालच्या जून महिन्यात झाँ बुले नावाचा फ्रेंच वैमानिक लामा जातीचं हेलिकॉप्टर घेऊन १२,४४२ मीटर उंच गेला. एव्हरेस्टच्याही साडेतीन हजार मीटर वर. आपलं चीता हेलिकॉप्टर ते याच लामाचं भारतीय रूप. एवढ्या उंचीवर, त्या थंडीत, त्याचं इंजिन विझलं ते विझलंच. तरी तो सुखरूप खाली आला. कारण हेलिकॉप्टरमध्ये अशी सोय असते, की इंजिन थांबलं तरी पात्यांना ते अडवत नाही. यंत्र खाली येऊ लागलं की वर येणारी हवाच पात्यांना फिरवत ठेवते, आणि त्या फिरण्यावर माणूस जमिनीपर्यंत पोचतो.

"म्हणजे बघा," उस्ताद म्हणाले, "इंजिनाशिवाय फिरणारं पातं हवेत जीव वाचवतं. तेच पातं जमिनीवर जीव घेतं. पातं तेच आहे. कुठे फिरू द्यायचं आणि कुठे थांबवायचं, एवढंच आपलं काम."

मेजरने हे मनात धरलं.

पुढे नोकरीत त्याने खूप काही पाहिलं. सियाचेनच्या वाटेवरची चीता हेलिकॉप्टरं पाहिली. तिथे वरच्या चौक्यांवर इंजिन बंदच करत नाहीत, कारण बंद केलं तर त्या हवेत पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. पाती फिरतीच ठेवून सामान उतरवतात आणि वैमानिक तसाच परत फिरतो. तिथे एकेक किलो वजनाचा हिशोब असतो. मिस्त्री लोक रात्री बसून वाद घालत, की ब्रेकसारख्या वस्तूचं वजन वागवायचं कशाला. कुणी अमेरिकेचा दाखला देई. तिथल्या लष्कराने आपलं ब्लॅक हॉक बनवलं तेव्हा त्याला हा ब्रेक ठेवलाच नव्हता, उभं असताना पाती वाऱ्याने फिरू नयेत म्हणून नुसता एक अडसर ठेवला होता. आणि त्याच हेलिकॉप्टरचा नौदलातला भाऊ, सीहॉक, त्याला मात्र ब्रेक होता. बोटीच्या डुलत्या डेकवर, समुद्राच्या वाऱ्यात, पाती आपोआप थांबायची वाट बघत बसायला तिथे कुणाला सवड नव्हती आणि माणसांना मागे सरकायला जागा नव्हती. आधी नसलेला ब्रेक नंतर बसवायचा म्हटलं की दांडा बदला, जागा शोधा, वजन तोला, कागद रंगवा. वाद रंगात येई. मेजर त्यात पडत नसे. तो एवढंच विचारी, "खाली उभा कोण असतो?"

शेवटची काही वर्षं तो नाशिक रोडला होता. तिथे लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक घडतात. तिथून सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत घर गाठता येई. २०१२ साली तो निवृत्त झाला आणि पत्र्याची पेटी घेऊन वाडीत उतरला.

वाडी बदलली होती. डिंभ्याच्या धरणाचं पाणी कालव्याने आलं होतं. जिथे बाजरी होती तिथे ऊस उभा होता, आणि उसात बिबट्या. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे सांगायला नको. दारोदारी दुभत्या गायी होत्या. पहाटे आणि संध्याकाळी दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर जात. आणि प्रत्येक गोठ्याच्या कडेला एक कडबा कुट्टी होती.

थोरल्या भावाच्या गोठ्यातही होती. जड लोखंडी चाक, चाकाला दोन धारदार पाती, बाजूला पट्ट्यावर चालणारी मोटर. एका तोंडातून मका, हत्तीगवत, उसाचं वाढं आत ढकलायचं, दुसऱ्या बाजूने बारीक कुट्टी पडायची. भावाच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. तीन वर्षांपूर्वी फोनवर तो एवढंच म्हणाला होता, "जरा लागलंय."

मेजरने विचारलं, "दादा, कसं झालं?"

"कुट्टी तुंबली होती. काढायला हात घातला."

"चालू यंत्रात?"

"वेडा का खुळा? बटण बंद करूनच घातला."

मेजर गप्प झाला. दोन दिवसांनी तो वाडीत हिंडला. खालच्या आळीत एका बाईचा अंगठा गेला होता. वरच्या वस्तीवर एका तरुणाचा पंजा. बाई म्हणाली, "लाईट गेली होती, यंत्र बंदच पडलं होतं." तरुण म्हणाला, "मी स्वतः बटण बंद केलं, मेजर." चालत्या यंत्रात हात घातला असं एकही जण म्हणाला नाही. सगळे म्हणाले, बंद होतं.

त्या संध्याकाळी मेजर गोठ्यात उभा राहिला. पुतण्याला म्हणाला, कुट्टी चालव आणि मी सांगेन तेव्हा बंद कर. मोटरचा आवाज थांबला. चाक फिरत राहिलं. मेजर मनात आकडे मोजत होता. आवाज नाही, घरघर नाही. शेणाच्या आणि हिरव्या चाऱ्याच्या वासात ती दोन पाती अंधारात नुसती सरकत होती. हँगरच्या भिंतीवरचा पांढरा पट्टा त्याला आठवला.

दुसऱ्या दिवशी तो मंचरला गेला. भंगारवाल्याकडून त्याने एका जुन्या मोटारसायकलची डिस्क प्लेट आणली, तिचा पकडणारा कॅलिपर आणला, ब्रेकचा पंप आणला. वेल्डिंगवाल्याला सोबत घेऊन ती प्लेट कुट्टीच्या चाकाच्या शाफ्टवर बसवली. बाजूला एक लांब लोखंडी कळ लावली. भाऊ बाजेवर बसून बघत होता.

"अरे, चारा लवकर कापायचं काहीतरी कर," भाऊ म्हणाला. "तू तर यंत्र थांबवायला बसलास."

पहिल्या दिवशी पुतण्याने मोटर चालू असतानाच कळ ओढली. पट्टा किंचाळला, जळका वास सुटला, ब्रेकचे गुटके काळे पडले. भाऊ पोट धरून हसला. मेजरला राग आला नाही. त्याला उस्तादांचं वाक्य ऐकू आलं, मग ब्रेकच जळेल.

त्याने सगळं सोडवून पुन्हा बसवलं. आता कळ दोन टप्प्यांत हलत होती. पहिल्या टप्प्यात मोटरचं बटण तुटायचं, दुसऱ्या टप्प्यात चाक आवळलं जायचं. ओढणाऱ्याने मनात आणलं तरी आधी ब्रेक आणि मग बटण असं करता येत नव्हतं. हे जमल्यावर तो खूश झाला. त्याने वहिनीला बोलावून दाखवलं.

वाडीत कुट्टी चालवतात त्या बायाच. वहिनीने दोनदा कळ ओढून पाहिली, चाक थांबलेलं पाहिलं, आणि म्हणाली, "भाऊजी, छान आहे. पण ही कळ कोण ओढणार?"

"म्हणजे?"

"चार गायी हंबरतायत, दूध घालायची वेळ झालीये, बाहेर उसात काहीतरी खसफसलं, आणि कुट्टी तुंबली. अशा वेळी हात कळीकडे जात नाही. हात झाकणाकडे जातो."

पात्यांवर एक पत्र्याचं झाकण असतं. तुंबलं की तेच उचलून हात घालतात. बहुतेकांनी ते उचलायचा कंटाळा म्हणून काढून कोपऱ्यात टाकलेलं असतं.

"ज्याला आत हात घालायचाय," वहिनी म्हणाली, "त्याला आधी तुमच्या कळीच्या पाया पडायला लावा."

चोवीस वर्षांच्या नोकरीत मेजरला यापेक्षा नेमकी सूचना कुणी केली नव्हती. त्याने झाकण कोपऱ्यातून काढून पुन्हा बसवलं आणि कळीचा दांडा झाकणाच्या कडीतून असा काही नेला, की कळ पूर्ण ओढल्याशिवाय झाकण उचललंच जाईना. आणि झाकण पुन्हा बसवून कळ जागेवर नेईपर्यंत मोटर सुरू होईना.

वाडीत थट्टा सुरू झाली. पारावर लोक म्हणत, मेजरला थांबवायचीच घाई. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बैल कसे सुटतात त्यावर रात्र रात्र बोलणारी माणसं ती. थांबायच्या गोष्टीत त्यांना काय रस असणार? एकाने मुद्दाम विचारलं, "मेजर, आता सायकलला चार ब्रेक बसवा." मेजरही हसला. तो म्हणाला, "खोडदला जाऊन या."

खोडद जुन्नर तालुक्यातलं गाव. तिथे आणि आसपासच्या गावांतून मिळून तीस मोठ्या रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत, एकेक तबकडी ४५ मीटर रुंद. गोविंद स्वरूप यांनी त्या अशा हलक्या जाळीच्या बनवल्या, की वारा बराचसा आरपार जातो. तरी वारा फार सुटला की निरीक्षण थांबवतात आणि तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या करून ठेवतात. नारायणगावला बाजाराला जाणाऱ्या माणसाने त्या शंभरदा पाहिलेल्या असतात. पारावरच्या माणसानेही पाहिल्या होत्या. तो म्हणाला, "ते शास्त्रज्ञ आहेत, आपल्या चार गायी." विषय तिथेच राहिला.

शेजारचा तात्या सगळ्यात जास्त हसणारा. त्याच्या कुट्टीचं झाकण कधीच भंगारात गेलं होतं. त्याच्या मोटरला त्याने पाण्याच्या पंपासारखा ऑटो स्विच लावला होता, लाईट गेली आणि आली की मोटर आपोआप सुरू. त्याचा त्याला अभिमान होता.

पावसाळ्यात एकदा तात्याची मोटर जळाली. गायी उपाशी ठेवता येत नाहीत. तो वाढ्याचा भारा खांद्यावर घेऊन संध्याकाळी भावाच्या गोठ्यात आला. मेजर घरात जेवायला बसला होता. वहिनी गोठ्यातच होती, वासराला बांधत होती.

तात्या घाईत होता. आभाळ भरलेलं, बांधाच्या पलीकडे ऊस. त्याने ओलं वाढं मूठ मूठ न घालता कवळ्याने घातलं. यंत्र घरघरलं आणि तुंबलं. त्याच क्षणी लाईट गेली.

गोठा काळामिट्ट झाला. मोटरचा आवाज थांबला. तात्याने शिवी हासडली आणि सवयीने हात झाकणाकडे नेला. झाकण उचलेना. त्याने पुन्हा ओढलं, उचलेना. "काय पीडा करून ठेवली," असं म्हणत त्याने चाचपडत कळ शोधली आणि खसकन ओढली. वहिनीने अंधारात ब्रेकचा आवाज ऐकला. लोखंडाने लोखंड धरल्याचा, छोटासा, कर्रर्र असा आवाज. तोवर तिने मोबाईलची बॅटरी लावली होती. उजेडात तिला दिसलं, की चाक थांबलंय, झाकण उघडलंय आणि तात्याचा हात कोपरापर्यंत आत आहे.

तेवढ्यात लाईट आली.

गोठ्यातला दिवा लागला. मोटर सुरू झाली नाही. तात्याने आपला गुंता ओढून काढला, झाकण आपटलं, कळ मागे ढकलली, बटण दाबलं, उरलेलं वाढं कापलं आणि पाऊस यायच्या आत घरी गेला. वहिनी तशीच वासराचं दावं हातात धरून उभी होती.

सकाळी तात्या पारावर भेटला. म्हणाला, "मेजर, काल तुमच्या यंत्रावर गेलो होतो. काय कटकट आहे हो! ते झाकण लवकर उघडत नाही. आणि लाईट आली तरी मोटर आपोआप चालू होत नाही, पुन्हा बटण दाबावं लागतं. फार वेळ गेला माझा."

मेजरला वहिनीने रात्रीच सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "हो, तेवढी अडचण आहे खरी."

"दुरुस्त करून घ्या," तात्या म्हणाला.

"बघतो," मेजर म्हणाला.

ज्याचा हात गेला, त्याला तो दिवस जन्मभर आठवतो. तात्याच्या आठवणीत त्या रात्रीची फक्त कटकट राहिली. थांबवणाऱ्या वस्तूंच्या वाट्याला बहुधा एवढंच येतं, मग ती हेलिकॉप्टरची कळ असो की कुट्टीची. भरवेगाच्या पात्याला माणूस स्वतःच भितो, तिथे त्याला कुणी मागे ओढावं लागत नाही. आवाज बंद झाला, काम उरकलं, आता काय होणार, असं वाटतं तेव्हाच त्याच्या कॉलरला धरणारं कुणीतरी लागतं. धरलेल्या माणसाला कॉलर चुरगळल्याचाच राग येतो. उस्तादांनी ज्या दोघांना ओढलं होतं, त्यांनीही तेव्हा उस्तादांना मनात शिव्याच दिल्या असतील.

मेजरने तात्याला काही सांगितलं नाही. वहिनीने मात्र सांगितलं, पण तात्याला नाही. पाण्याला गेली तेव्हा तिने तात्याच्या सुनेला सांगितलं. कारण तात्याच्या घरी रोज कुट्टी करायची ती सून.

आठवड्याने तात्या मेजरच्या दारात आला. पिशवीत एक जुनी डिस्क प्लेट होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"आमच्या सूनबाईचा हट्ट," तात्या म्हणाला. "म्हणते, ती कळ बसवल्याशिवाय मी कुट्टीला हात लावणार नाही. दोन दिवस मीच करतोय कुट्टी. बसवून द्या."

मेजरने प्लेट हातात घेऊन उलटसुलट पाहिली. चांगली होती.

"झाकण कुठे आहे, तात्या?"

"ते नको हो. नुसती कळ बसवा. झाकणाने वेळ जातो."

"नुसती कळ मी बसवत नाही."

"अहो, झाकणाचा पत्रा मागेच भंगारात दिला."

"मग पत्रा घेऊन या. आणि येताना तो ऑटो स्विच काढून आणा."

तात्याने बरीच हुज्जत घातली. स्विचला पैसे पडलेत म्हणाला, नवा पत्रा महाग झालाय म्हणाला, तुम्ही लष्करातली माणसं फार अडून बसता म्हणाला. मेजरने चहा पाजला, प्लेट ठेवून घेतली आणि पत्र्याचं माप एका चिठ्ठीवर लिहून दिलं. तात्या चिठ्ठी खिशात घालून, कुरकुरत, मंचरच्या गाडीला उभा राहिला.